एंटर दाबण्याआधीची ओळ

तुमच्या घरात कुणाचा श्वास अडकला आणि तोंडातून आवाज निघाला नाही, तर तुम्हाला ते कळणार कसं?

घाईने उत्तर देऊ नका. ‘आम्ही जवळच असतो’ हे उत्तर नाही. मीही जवळच होते. मधे एक भिंत होती, भिंतीत दार होतं आणि दार उघडं होतं.

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. बाबा शाळेत शिकवायचे आणि शाळेतून उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. घरात आम्ही त्यांना पर्चे म्हणतो, काशीत राहून दुसरं काय म्हणणार. यात्रेकरूंची लूट, नावाड्यांची रोजी, आश्रमातल्या म्हाताऱ्या बायकांना न मिळणारी औषधं, असे त्यांचे विषय. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या रद्दी प्रुफांच्या पाठपोट कागदांवर. बाराखडी नीट यायच्या आधी मला ‘निषेध’ वाचता येत होतं, असं आई अजून सगळ्यांना सांगते. चौकात उभं राहून भोंग्यातून बोलताना बाबांचा आवाज खालच्या पायऱ्यांवर अंघोळ करणाऱ्यांपर्यंत जायचा.

तो आवाज गेला. स्वरयंत्र काढावं लागलं, गळ्याला भोक पाडून तिथे श्वासाची नळी बसवली. पाय तर त्याआधीच गेल्यासारखे झाले होते. उठवायला दोघं लागतात. डॉक्टरांनी घरी पाठवताना आईला आणि मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा समजावली होती. नळीत कफ अडकला की माणसाला ओरडता येत नाही, खोकताही येत नाही. मशीन लावून तो कफ ओढून काढायचा, आणि तेवढ्यासाठी फार वेळ मिळत नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की बाबा आम्हाला बोलावणार कसे.

आईने देवघरातली पितळी घंटा त्यांच्या उशाशी ठेवली. बाबांनी ती सरकवली आणि पाटीवर वाकड्या अक्षरांत लिहिलं, “मी शेठ नाही. तुम्ही नोकर नाही.” आई म्हणाली, जीव जायची वेळ आली तरी यांचं तत्त्व काही जात नाही. पण घंटेला आणखीही एक अडचण होती. आमच्या गल्लीत पहाटेपासून कुठे ना कुठे घंटा वाजतच असते. घंटेच्या आवाजाला इथे कुणी मान वळवत नाही.

हात थरथरत असल्यामुळे त्यांचं लिहिलेलं वाचता येईना. पण वर्षानुवर्षं टाइपरायटर बडवलेली बोटं होती, त्यांना कळा कुठे आहेत ते डोळे मिटूनही ठाऊक होतं. मी घरी बसून प्रोग्रॅम लिहिण्याची कामं करते. माझा एक जुना लॅपटॉप होता, इतका जुना की त्यावर धड काही चालत नसे. काळ्या पडद्यावरचा साधा, सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मात्र चालला असता. मी तो लिहिला. बाबांनी ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की ती ओळ स्वयंपाकघरातल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत येणार आणि जोरात ठोका पडणार. बाबांना ते फार आवडलं. पहिली ओळ त्यांनी पाठवली ती अशी: “चहात साखर कमी, प्रेमात वाढ अपेक्षित.” आईने पडद्याकडे पाहून सांगितलं की दोन्ही जैसे थे राहतील.

टाइपरायटरवर खोडता येत नसे. इथे खोडता येत होतं. हे सुख बाबांना आयुष्यात पहिल्यांदा मिळालं, आणि त्यांनी ते पुरेपूर भोगलं. शब्द लिहायचा, खोडायचा, दुसरा लिहायचा, तोही खोडून पहिल्यावर यायचं. पाणी मागायचं असलं तरी वाक्य नेटकं झाल्याशिवाय एंटर नाही. मी गमतीने म्हणायचे की बाबा तहानेने मरतील पण चुकीच्या विभक्तीने पाणी मागणार नाहीत.

ही गंमत मी पुन्हा कधी केली नाही.

दुपारची वेळ होती. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी शेजारच्या खोलीत एका पर्च्याची प्रुफं तपासत होते. वरच्या मजल्यावरचे गुरुजी खाली आले. ते घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं करतात. बाबांच्या निम्म्या पर्च्यांचा रोख त्यांच्यावर असे आणि त्या पर्च्यांचे पहिले वाचकही तेच असत; चुका दाखवायला खाली उतरत आणि चहा पिऊन वर जात. त्या दिवशी ते आमचं वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. बाबांच्या दारात थांबले आणि मला हाक मारली. आवाज चढवला नाही, म्हणूनच मी दचकले.

“पोरी, कागद ठेव आणि इकडे ये. मास्तर निळे पडलेत.”

बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे पडद्यावर होते, बोटं कळांवर. ओठ निळे, कपाळावर घाम. नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, तोही तुटत तुटत. मी मशीन चालू केलं. गुरुजींनी त्यांची मान धरली. सकाळचं सोवळं, पूजेचं पाणी, सगळं विसरून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. कफ निघाला. बाबांची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आई गच्चीवरून ओल्या हातांनी धावत आली तोवर रंग परतू लागला होता.

मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथे अर्धी ओळ होती.

“नळी बंद होत असल्याने कृपया”

स्वयंपाकघरातला पडदा कोरा होता. बाबा गुदमरत असताना वाक्यरचना करत होते. पुढे खूप दिवसांनी मी त्यांना विचारलं, की नुसतं काहीही लिहून एंटर का नाही दाबलंत. त्यांनी टाइप केलं, “वाक्य होत आलं होतं.”

मी रडले नाही, मला राग आला. प्रोग्रॅमचा राग, आणि ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं असेल की माणूस ओळ पूर्ण करील तेव्हाच तो बोलला असं धरायचं, त्याचाही. ही सवय काही फक्त यंत्राची नाही. खिडकीवर अर्ज देताना एक रकाना रिकामा राहिला तर आत बसलेल्याच्या लेखी तुम्ही आलेलाच नसता. तुम्ही समोर उभे असता, तुमचं पोर तापाने फणफणत असतं, आणि तरी तुम्ही आलेले नसता.

ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांना हे साध्या भाषेत सांगते. छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार हातातल्या पट्टीत एकेक खिळा बसवतो. ओळ भरेपर्यंत ती पट्टी त्याच्या हातात असते; चुकला तर खिळा काढतो, दुसरा लावतो. ओळ पुरी झाली की मग ती पुढे सरकते. काळ्या पडद्यामागेही अशीच एक पट्टी असते. तुम्ही टाइप केलेलं अक्षर तुम्हाला दिसतं, पण प्रोग्रॅमपर्यंत गेलेलं नसतं. ते पट्टीत असतं. एंटर दाबलं की सगळी ओळ एकदम प्रोग्रॅमच्या हाती येते. आणि माझा प्रोग्रॅम त्या ओळीची वाट पाहत बसला होता तो साधासुधा बसला नव्हता. ओळ वाचायची जी नेहमीची आज्ञा आहे, ती एकदा दिली की प्रोग्रॅम उंबऱ्यावर ठाण मांडतो. ओळ येईपर्यंत घड्याळ बघत नाही, मागे वळत नाही, काही म्हणजे काही करत नाही. घराला आग लागली तरी तो उंबऱ्यावरच.

त्या प्रसंगानंतर घरात भीती राहायला आली. आई पोळी तव्यावर टाकून खोलीत डोकावायची, पोळी करपायची. मी अंघोळीला गेले की नळ बंद करून कान द्यायचे. बाबा डोळे मिटून पडले तर आम्ही दोघी त्यांच्या छातीकडे बघत उभ्या राहायचो, आणि ते डोळे उघडून आमच्याकडे असे पाहायचे की आम्हाला खोलीतून निघून जावंसं वाटे. कुणाच्या श्वासावर असा पहारा बसवला की त्याला श्वास घेण्याचीही लाज वाटू लागते.

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. आधी त्याला उंबऱ्यावरून उठवलं. ‘पोल’ नावाची एक सोय असते. ती दाराशी जाऊन बघते, कुणी काही आणलंय का? थोडा वेळ थांबते आणि कुणी नसेल तर रिकाम्या हाताने परत येते. म्हणजे प्रोग्रॅमला मधल्या वेळात घड्याळ बघता येतं. मला वाटलं, झालं. परीक्षा म्हणून मी ‘बाबा’ एवढं टाइप केलं आणि एंटर न दाबता हात उचलला. पोल दाराशी गेली, परत आली. काही नाही. पुन्हा गेली. काही नाही. पडद्यावर माझ्या डोळ्यांसमोर ‘बाबा’ लिहिलेलं, आणि त्याच्याच खाली प्रोग्रॅम सांगत राहिला, काही नाही, काही नाही, काही नाही. मी लॅपटॉप मिटून टाकला.

अक्षरं अजून पट्टीतच होती. दाराशी कितीही वेळा जा, पट्टीतलं दाराशी येत नाही.

मग टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या पडद्याला, सांगावं लागलं की ती पट्टीच नको, प्रत्येक कळ दाबल्या दाबल्या माझ्या हाती दे. टर्मिनल ऐकतं, पण मग त्याची सगळी कामंही तुमच्या गळ्यात पडतात. अक्षर पडद्यावर उमटवायचं ते तुम्ही, खोडायचं ते तुम्ही, ओळ कुठे संपली ते ठरवायचं तुम्ही. त्यात आमची लिपी. मराठी अक्षर संगणकाच्या पोटात तुकड्यातुकड्यांनी जातं. कधी एक तुकडा आधी येतो, बाकीचे क्षणभराने, आणि प्रोग्रॅमने तेवढ्यात उमटवायची घाई केली तर पडद्यावर नुसती चौकट दिसते. खोडताना एकच तुकडा खोडला तरी तेच. बाबांच्या एका ओळीत अशा पाचसहा चौकटी आल्या तेव्हा त्यांनी बोटाने एकेक दाखवून माझ्याकडे पाहिलं. प्रुफं तपासणारा माणूस, दुसरं काय करणार.

आणि मग ते झालं, ज्याची भीती माझ्या यादीतच नव्हती.

बाबा लांब ओळ लिहीत होते. इतकी लांब, की मी ओळीसाठी ठेवलेली जागा संपली आणि प्रोग्रॅम मधेच मेला. मेला, पण मरताना टर्मिनल पूर्वीसारखं करून गेला नाही. मी टर्मिनलला सांगून ठेवलं होतं की दाबलेलं अक्षर स्वतः उमटवू नकोस, तर ते उमटवेना. बाबा टाइप करत राहिले. पडद्यावर काहीच येईना. मी दारात उभी होते. त्यांनी आणखी एक कळ दाबली, मग दुसरी, मग जोर लावून तिसरी. मग त्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, बोटं मिटली, उघडली, आणि त्या हाताकडे बघत राहिले.

त्यांना वाटलं, हातही गेला.

मी धावत जाऊन सांगितलं की बाबा, हात ठीक आहे, माझा प्रोग्रॅम मेलाय. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पण आधी हाताची बोटं माझ्या मनगटावर दाबून खात्री केली. त्या दिवसापासून माझा नियम आहे, प्रोग्रॅम कसाही मरो, मरायच्या प्रत्येक वाटेवर टर्मिनल होतं तसं करून जायचं. आणि तरीही काही राहिलंच तर बाहेर राखणदार म्हणून दुसरा छोटा प्रोग्रॅम बसवला, जो पडदा ताळ्यावर आणून पहिला पुन्हा सुरू करतो. लांब ओळीलाही आता मर्यादा आहे. ती आली की प्रोग्रॅम सांगतो, जागा संपली. बाबा म्हणतात की संपादकही असंच सांगायचे.

आता प्रोग्रॅमला अर्धी ओळ दिसत होती. मी विचार केला, ओळ मधेच थांबली तर आहे तेवढी स्वयंपाकघरात दाखवून टाकावी. बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

आई चिडली. जीवापेक्षा ओळ मोठी का, तिने विचारलं.

बाबांनी बराच वेळ टाइप केलं. ते जे म्हणाले ते मला माहीत असलेल्या गोष्टीबद्दल होतं. मी लहान असताना त्यांनी गल्लीत एक हिंदी पोस्टर लावलं होतं: विरोध श्राद्ध का नहीं, श्राद्ध के नाम पर होने वाली लूट का है। कुणीतरी ते मधून फाडलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उरलं ते एवढंच, विरोध श्राद्ध का. आठवडाभर आमच्या उंबऱ्यावर लोक थुंकून जात होते. आई पहाटे उठून उंबरा धुवायची. मी दाराच्या फटीतून बघायचे.

बाबांची ओळ स्वयंपाकघरात आली: “माझं अर्धं वाक्य माझं नाही. ते फाडणाऱ्याचं आहे.”

आईने ती वाचली आणि वाद सोडला. उंबरा तिनेच धुतला होता.

तोडगा मी काढला. अर्धी ओळ कुणालाच दाखवायची नाही. प्रोग्रॅमने फक्त एवढंच ओळखायचं की ओळ सुरू झाली आहे आणि बराच वेळ नवी कळ पडलेली नाही. मग आवाज करायचा. काय लिहिलंय ते नव्हे, थांबलंय एवढंच सांगायचं. बाबांनी यावर अंगठा वर केला.

पण बराच वेळ म्हणजे किती? बाबांना विचार करायला वेळ हवा होता. आई म्हणाली, डोळ्याचं पातं लवायच्या आत वाजलं पाहिजे. मी मधलं काहीतरी सांगत होते आणि दोघंही माझं ऐकत नव्हते. तेवढ्यात गुरुजी आले. त्या दुपारनंतर ते रोज एक चक्कर मारून जात, वर्तमानपत्राचं निमित्त संपलं होतं तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की यात भांडण्यासारखं काय आहे, एक गायत्री शांतपणे म्हणून होईल तेवढा वेळ ठेवा. तेवढा वेळ कुठलाही माणूस श्वास धरू शकतो. आम्ही रोज धरतो.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध लिहिलेला माणूस. बाबांची बोटं कळांवर गेली, दोनदा खोडलं, आणि मग एंटर.

“मंजूर. मंत्र नव्हे, वेळ.”

गुरुजी स्वयंपाकघरात जाऊन ते वाचून आले. “मास्तर,” ते म्हणाले, “वेळ तरी कुणाचा आहे ते पुढच्या पर्च्यात लिहा, मी चुका काढतो.” मग त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात मंत्र म्हटला आणि मी घड्याळ लावून बसले. प्रोग्रॅममध्ये तो आकडा आजही तसाच आहे.

आवाज कसला, हाही प्रश्न होता. घंटा चालणार नव्हती, शंख चालणार नव्हता, कुकरची शिट्टी तर नाहीच. गल्लीत कुठल्याही वेळी ऐकू येत नाही असा आवाज हवा होता. आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही, समोरून बैल आला तर माणसाला पायरीवर चढावं लागतं. मी ट्रकच्या हॉर्नचं रेकॉर्डिंग घातलं आणि ते बाबांच्या चौकसभेच्या जुन्या भोंग्याला जोडलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा खालच्या फुलवाल्याने खरोखर टोपली उचलून भिंतीला पाठ लावली. नंतर महिनाभर तो मला विचारत होता, बिटिया, ट्रक कब निकलेगा.

भोंगा वाजू लागला, पण नको तेव्हाही वाजू लागला. बाबा शब्द शोधत थांबले की ट्रक. दोन शब्दांमध्ये निवड करत बसले की ट्रक. आम्ही धावत जायचो, ते हाताने ‘काही नाही’ अशी खूण करायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पकडल्यासारखा भाव असायचा. हळूहळू त्यांच्या ओळी आखूड झाल्या. पाणी. उशी. बस. पंधरवडाभर त्यांनी एकही विशेषण वापरलं नाही. मी त्यांना वाचवायला निघाले होते आणि त्यांच्या विचारावर हॉर्न रोखून बसले होते. त्यांना मरण्याची जेवढी भीती होती त्यापेक्षा थांबण्याची जास्त वाटू लागली होती.

तेव्हा मी टॅबच्या कळेला एक काम दिलं. ती दाबली की पडद्यावर काही उमटत नाही, ओळ बदलत नाही, फक्त वाट पाहण्याचा वेळ पहिल्यापासून सुरू होतो. तिचा अर्थ एवढाच, मी आहे, विचार करतोय. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती कळ दाबून पाहिली, पुन्हा दाबली, आणि खूप दिवसांनी मोठं वाक्य लिहायला बसले. शेजारच्या खोलीतून मला ऐकू येत होतं. कळांची सर, मग शांतता, मग टक. शांतता, टक. मी माझं काम करू शकले. भीती गेली नाही, पण तिला ताल आला.

मग एकदा संध्याकाळी, आरतीच्या वेळी, जेव्हा सगळ्या घाटांवरचे लाउडस्पीकर एकमेकांवर कुरघोडी करत असतात, टक आला नाही. मला ते कळलंही नसतं, त्या गदारोळात कळ काय ऐकू येणार. ट्रकचा हॉर्न वाजला. आई माझ्या आधी पोचली. बाबांचं तोंड उघडं, हात नळीकडे. मी मशीन सुरू केलं, आईने मान धरली. जिन्यावर गुरुजींची पावलं वाजली. मशीनची घरघर, बाहेर आरती, आणि मधे बाबांचे डोळे, जे आमच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होते. पडदा माझ्या अगदी समोर होता. त्यावर अर्धी ओळ होती. मी वाचली नाही. माझी नजर मी नळीवर ठेवली. शपथ घेतल्यासारखी ठेवली.

कफ निघाला. पहिला श्वास आला तो कापड फाटल्यासारखा आवाज करत. दुसरा बरा होता. आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने पदर तोंडावर धरला. गुरुजी दारात उभे होते, धोतराचा सोगा हातात. मग ते म्हणाले, “मास्तर, ट्रक निघाला ना?” बाबांनी मान डोलावली.

आणि मग त्यांनी कळांवर हात ठेवला. आई नको म्हणाली, आता विश्रांती घ्या. त्यांनी एक बोट वर केलं, थांब. टाइप केलं. खोडलं. एक टॅब. पुन्हा टाइप केलं. आम्ही तिघंही उभे, आणि मला कळत होतं की मीसुद्धा श्वास धरला आहे. एंटर.

मी स्वयंपाकघरात जाऊन वाचलं. ती मदतीची हाक नव्हतीच. नव्या पर्च्याचं पहिलं वाक्य होतं, मधेच श्वास तुटला होता आणि आता पूर्ण झालं होतं.

“ज्याला आवाज नाही त्याच्या उशाशी घंटा ठेवून निघून जाणे, याला सेवा म्हणत नाहीत.”

हे लिहिते आहे तेव्हा भिंतीपलीकडून टक ऐकू येतो आहे. तो थांबला की मीही थांबते. माझा प्रोग्रॅम सुरू झालेली आणि अडलेली ओळ ओळखतो. जी ओळ सुरूच झाली नाही, तिचं त्याला काही कळत नाही. बाबांना पहिली कळ दाबायलाही उसंत मिळाली नाही तर पडदा कोरा राहील आणि भोंगा गप्प. मी खूप डोकं लढवलं, त्याला उपाय मला सी भाषेत सापडलेला नाही. त्याला एकच उपाय आहे, माणसाने उठून जाऊन बघणं. म्हणून दर थोड्या वेळाने मी उठते, दाराशी जाते, छाती वर आली का ते बघते आणि परत येते, अगदी त्या पोलसारखी.

म्हणून तुम्हाला मागणं आहे, आणि ते आजच्या आज करा. तुमच्यापैकी जे प्रोग्रॅम लिहितात त्यांनी आपला प्रोग्रॅम उघडा, माणसाच्या ओळीसाठी तो जिथे ठाण मांडून बसतो ती जागा शोधा आणि त्याला तिथून उठवा. आणि ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, आवाज गेलेलं आहे किंवा नुसतं म्हातारं आहे, त्यांनी हा कागद खाली ठेवून त्या खोलीत जा. जवळ बसा. विचारा की आम्हाला बोलवायचं झालं आणि तोंडातून शब्द निघाला नाही, तर तुम्ही काय कराल. उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका, मधे त्यांचा शब्द तुम्ही भरू नका. पण ते थांबले, तर त्यांच्या छातीकडे बघा.